इम्युलेटरवर मारिओ एवढा फास्ट का पळतो? आपल्या टीव्ही गेमवर असा नव्हता

सांगलीचा_लुइजी

मंडळी एक शंका आहे, हसू नका. दादा गणपतीला घरी आला होता म्हणून लॅपटॉपवर मेसेन (जुन्या गेम मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, म्हणजे इम्युलेटर) टाकलं, एचडीएमआयने टीव्हीला जोडलं, यूएसबीचे दोन पॅड आणले आणि सुपर मारिओ लावला. चालू झालं सगळं मस्त, पण दादा पहिल्या पाइपपाशी पोचायच्या आतच म्हणाला की हे फास्ट आहे. आणि मलाही तेच वाटत होतं. आम्ही हा गेम इतका खेळलोय की डोळे मिटून उड्या मारू, आणि आता खड्ड्यात पडतोय दोघंही, उडी उशिरा पडते. काँट्रा लावला, तेच. बॉम्बरमॅन, तेच.

गंमत म्हणजे गाण्याचा सूर मला बरोबर वाटतो, नुसती लय पळवलीये. टेपरेकॉर्डरवर कॅसेट फास्ट केली की आवाज चिरका होतो ना, तसं काही नाहीये. पण आवाजाची जात वेगळी वाटते, आपल्या डब्यातून जरा निराळाच यायचा. आणि मारिओ उंच दिसतो, पूर्वी बुटका होता.

आमच्याकडे तो नेहमीचा लाल-पांढरा डबा होता, दोन पॅड, एक बंदूक आणि "९९९९ इन १"ची पिवळी कॅसेट. बहुतेक ९५-९६ साली घेतलेला.

भावोजी म्हणतात वय झालं तुमचं, हात स्लो झालेत. खरं काय? काही सेटिंग आहे की खरंच आमचंच डोकं? आणि बंदूक अजून माळ्यावर आहे, ९ पिनांचा प्लग आहे तिला, ती लॅपटॉपला लावता येईल का कुठलं तरी कन्व्हर्टर घेऊन?

बंड्या_८५

भावोजी बरोबर आहेत 😄 लहानपणी सगळंच हळू वाटायचं राव, उन्हाळ्याची सुट्टी पण संपायची नाही. खेळत राहा, सवय होईल.

रास्टररेघ

नाही बंड्या, दादाचं बरोबर आहे. मेसेनचंही बरोबर आहे. भानगड अशी की मेसेन ज्या मशीनची नक्कल करतंय ते मशीन लुइजीच्या घरी कधी नव्हतंच.

जरा सविस्तर सांगतो कारण हा प्रश्न दर थोड्या दिवसांनी कुणीतरी विचारतं आणि उत्तर "नॉस्टॅल्जिया" असं देऊन टाकतात लोक.

निन्टेन्डोचा फॅमिकॉम जपानात १९८३ ला आला, मग अमेरिकेत एनईएस नावाने १९८५ ला. दोन्हीकडे टीव्ही एनटीएससी, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र, एकेका चित्रात २६२ रेघा. आपल्याकडे पाल, सेकंदाला ५० वेळा, ३१२ रेघा. आणि आपल्याकडे गल्लोगल्ली जे पोचलं ते निन्टेन्डोचं नव्हतंच, कुणाकडे लिटल मास्टर, कुणाकडे नुसतं टीव्ही गेम लिहिलेलं खोकं, सगळे फॅमिकॉमचे क्लोन, म्हणजे नकला. आतल्या चिपा बऱ्याचदा तैवानच्या यूएमसीच्या किंवा त्यांच्या कॉपीच्या कॉपी.

आता मुख्य मुद्दा. मारिओला सेकंद कळत नाही, त्याला फ्रेम कळते. एक चित्र रंगवून झालं की व्हिडिओची चिप प्रोसेसरला टोचते, त्या टोचणीवर गेम पॅड वाचतो, मारिओला पुढे सरकवतो, गाणं एक पाऊल पुढे नेतो आणि पुन्हा वाट बघत बसतो. ही टोचणी जपानात सेकंदाला ६० वेळा, आपल्या डब्यात ५० वेळा. म्हणजे आपला अख्खा गेम, गुंबा, कासव, ढगावरचा तो काटे फेकणारा, गाणं, सगळंच सहातले पाच भाग वेगाने चालायचं. तुमचे हात त्या वेगाला बसलेत. आता अचानक २० टक्के फास्ट झाल्यावर खड्ड्यात पडणारच.

खात्री करायची असेल तर स्टॉपवॉच घ्या. पहिल्या लेव्हलला वेळ ४०० असतो ना, तो सेकंदात नाहीये, २४ फ्रेमला एक आकडा कमी होतो. मारिओला सुरुवातीला नुसता उभा ठेवा आणि ४०० पासून ३०० यायला किती लागतात बघा. ६० च्या मशीनवर ४० सेकंद, आपल्या डब्यावर ४८. भावोजींना दाखवा.

सूर का बदलला नाही, हा प्रश्न लुइजीने फार छान पकडलाय. आवाज प्रोसेसरच्याच चिपमध्ये तयार होतो आणि तो प्रोसेसरच्या क्लॉकवर ठरतो, फ्रेमवर नाही. जपानी-अमेरिकन मशीनचा क्लॉक १.७९ मेगाहर्ट्झ, आपल्या क्लोनचा १.७७. एक टक्क्याचाही फरक नाही, कानाला कळणार नाही. म्हणून सूर तोच, लय संथ.

करायचं काय, तर मेसेनच्या सेटिंगमध्ये एनईएसच्या खाली रीजन आहे, तिथे ऑटो असेल, ते काढून डेंडी करा. नावावर जाऊ नका, रशियात १९९२ पासून याच जातीचा क्लोन डेंडी नावाने विकला जायचा, इम्युलेटरवाल्यांत तेच नाव रूढ झालं. एफसीईयूएक्स या दुसऱ्या इम्युलेटरमध्ये पण आहे. ऑटोवर ठेवून कधीच होणार नाही, कारण इम्युलेटर रॉम फाइलचं (गेमच्या फाइलचं) हेडर, म्हणजे सुरुवातीची माहिती, बघतो आणि गेम जपानी किंवा अमेरिकन असल्याने तिथे एनटीएससीच असतं, आणि ते चूक नाहीये. डेंडी हा गेमचा गुण नाही, डब्याचा आहे. नवीन हेडरमध्ये डेंडीसाठी आकडा राखून ठेवलाय खरा, पण आपल्या मारिओच्या फाइलला तो कोण कशाला लावेल.

बंड्या_८५

ओके, शब्द मागे. पण मग रीजनमध्ये सरळ पाल का नाही करायचं? आपण पालवालेच ना? मी आत्ता लावून बघितलं तर स्लो झालं पण गाणं एकदम जड झालंय, मारिओला सर्दी झाल्यासारखं.

म्युनिकची_प्राजक्ता

यावर मी बोलते कारण मी हा घोळ खऱ्या मशीनवर बघितलाय. मी इथे जर्मनीत आहे, फ्ली मार्केटमध्ये युरोपियन एनईएस मिळाला, तो पुढून कॅसेट आत ढकलायचा राखाडी डबा. मला वाटलं हाही ५० हर्ट्झ आणि आपलाही ५० हर्ट्झ, म्हणजे झालंच की. अजिबात नाही. नाशिकहून आणलेली माझी कॅसेट त्यात जातच नाही आधी, आपल्या ६० पिनांच्या, त्यांच्या ७२ पिनांच्या, आणि वर त्यांच्यात परकी कॅसेट चालू न देणारी लॉकआउट चिप. ते सगळं अडॅप्टर वगैरे करून पार पाडलं तर गाणं खाली गेलेलं.

कारण निन्टेन्डोने युरोपसाठी क्लॉकच १.६६ केला. सात टक्के कमी. मी पेटी वाजवते म्हणून माझ्या भाषेत सांगते, काळी एकमधलं गाणं पांढरी एकच्याही जरा खाली उतरतं. एवढा फरक लहान मुलालाही कळेल. आणि युरोपात जे अधिकृत गेम आले त्यातल्या काहींत ही तफावत भरून काढलेली आहे, युरोपचा मारिओ ५० साठी वेगळा जुळवलाय, म्हणून तो ५० वर असूनही बराचसा मूळ वेगाने पळतो. म्हणजे पाल मशीन आणि पाल गेम अशी जोडी लावलीत तरी तुमचं बालपण येणार नाही, ते जर्मन मुलांचं बालपण येईल.

आणखी एक, काही जपानी गेम पाल मशीनवर फाटतात. वरची स्कोअरची पट्टी स्थिर आणि खालचं चित्र सरकतंय, हे जिथे आहे तिथे गेम बरोबर मोजून त्या रेघेपाशी स्क्रोल बदलत असतो. एका रेघेला किती क्लॉक मिळतात यावर ते सगळं बसवलेलं असतं.

रास्टररेघ

+१ प्राजक्ता. आकडे देतो. एनटीएससी मशीनवर एका रेघेत प्रोसेसरला साधारण ११३.७ क्लॉक मिळतात, युरोपियन पालवर १०६.६ आणि डेंडीवर पुन्हा ११३.७.

इथे त्या क्लोनवाल्यांना मानलं पाहिजे. त्यांना माहीत होतं की गिऱ्हाईकाचा टीव्ही पाल आहे आणि कॅसेटा सगळ्या जपानी. निन्टेन्डोने पाल करताना प्रोसेसर आणि व्हिडिओ चिपचं गुणोत्तर मोडलं. यांनी ते जपानीच ठेवलं, एका क्लॉकला तीन टिंबं. मग २६२ आणि ३१२ मधल्या ५० रेघा वाढल्या त्या कुठे घालायच्या? तर चित्र संपल्यावर, टोचणी देण्याच्या आधी. त्या रेघांत चिप नुसती बसून राहते. म्हणजे टोचणीपासून पुढे गेमला सगळं जपानसारखंच दिसतं, त्याला पत्ताच नाही की मधे थांबलो होतो. म्हणून आपल्या डब्यावर शेकडो जपानी गेम न बदलता चालले. कॉपी म्हणून नाकं मुरडतात लोक, पण पालचं काम या कॉपीवाल्यांनी मूळ कंपनीपेक्षा डोक्याने केलं असं माझं स्पष्ट मत आहे. (कायद्याच्या बाजूने बोलत नाहीये, इंजिनिअरिंगच्या.)

आणि लुइजी, मारिओ बुटका होता हेही खरं. गेमच्या चित्राच्या २४० रेघा. एनटीएससी टीव्हीवर त्या जवळजवळ पूर्ण काच भरतात, पालच्या काचेवर २८८ रेघा मावतात म्हणजे वर-खाली काळी पट्टी राहते आणि चित्र दबतं. मेसेनच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये आस्पेक्ट रेशो पालवर टाका, ११:८ लिहिलेलं असतं. इथे मात्र पालच, कारण हा टीव्हीचा गुण आहे, डब्याचा नाही.

सोल्डरमास्तर

नमस्कार मंडळी. उशिरा आलो. माझं इचलकरंजीला टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, हे डबे पोत्याने उघडलेत मी म्हणून चार गोष्टी सांगतो.

आवाजाची जात वेगळी वाटते म्हणाला ना पोरगा, ते पण खरं आहे. या चिपमध्ये दोन चॅनेल चौकोनी लाटेचे असतात, आणि ती लाट किती वेळ वर आणि किती वेळ खाली हे बदलता येतं, साडेबारा टक्के, पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर. पन्नासला आवाज भरीव, पोकळ बासरीसारखा, पंचवीसला जरा नाकातला. बऱ्याच क्लोन चिपांत पंचवीस आणि पन्नासची अदलाबदल झालेली आहे. कुणी चूक केली ती तशीच पुढे छापत गेली. सूर तोच, लय तीच, फक्त भरीव जागी नाकातला आणि नाकातल्या जागी भरीव. आपण तेच ऐकत मोठे झालो. मेसेनमध्ये आवाजाच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये चौकोनी लाटांची ड्यूटी सायकल उलटी करायचा टिकमार्क आहे, तो मुद्दाम जुन्या क्लोनसाठीच दिलाय. मारून बघ.

पण सगळ्या डब्यात असं नव्हतं. उघडून बघायचं. आत ४० पायांच्या दोन मोठ्या आयसी दिसल्या आणि त्यावर यूए६५२७पी आणि यूए६५३८ असं वाचता आलं तर तो शंभर टक्के वरच्या डेंडी जातीचा. पुढे पुढे स्वस्तात आले त्यात दोन्ही आयसी एकाच चिपमध्ये कोंबून वर काळं डांबर ओतलेलं असायचं, आम्ही गोळी म्हणायचो. ती गोळी गेली की डबा कचऱ्यात, रिपेअर नाही.

आणि एक. सगळेच डबे पाल नव्हते आले. काही थेट एनटीएससीचे यायचे, गिऱ्हाईक घेऊन यायचं की चित्र काळं-पांढरं दिसतं आणि वरून खाली फिरतं. मागे व्हर्टिकल होल्डचा स्क्रू फिरवला की चित्र थांबायचं, रंग मात्र यायचा नाही. तसल्या डब्यावर वाढलेला कुणी असेल तर त्याला इम्युलेटर बरोब्बर वाटेल. म्हणून दोन माणसं भांडतात ना फास्ट होतं का स्लो होतं, दोघंही खरं बोलत असू शकतात.

एफपीएस_पंत

माफ करा, पण जरा उलट बोलतो. ज्यांनी गेम बनवला त्यांनी तो ६० ला बनवला. उडीची कमान, शत्रूचा वेग, गाण्याची लय सगळं त्यांनी त्या वेगात बसवलं. आपण जे खेळलो ते बिघडलेलं व्हर्जन होतं. आता योगायोगाने बरोबर व्हर्जन हातात आलंय तर ते मुद्दाम बिघडवून का खेळायचं? इम्युलेशनचा उद्देश मूळ जपणं हा आहे ना? उद्या म्हणाल व्हीसीडीवर डोकी हलायची थिएटरमधली, ती पण पाहिजेत.

सांगलीचा_लुइजी

पंत, मूळ म्हणजे कुठलं हाच तर वाद आहे. क्योटोमधल्या माणसाचं मूळ ६० असेल, आमच्या विश्रामबागेतल्या बैठकीच्या खोलीतलं ५०. 😄 तुमच्या पोरांना ६० वर शिकवा, काही हरकत नाही. मला दादाला हरवायचंय आणि ते त्याच वेगात हरवायचंय ज्या वेगात त्याने मला कायम लुइजी (दोन नंबरचा प्लेअर) केलं.

असो. रिपोर्ट देतो. रीजन डेंडी केलं आणि काय सांगू. दादाला व्हिडिओ कॉल लावून दाखवलं, स्टॉपवॉचसकट, ४८ आले. तो म्हणाला हेच. रास्टरराव आणि मास्तर, दोघांना कोपरापासून. ड्यूटी सायकलचा टिकमार्क पण मारला, मला वाटतं आमच्या डब्यात उलटंच होतं, पण दादाला तसं वाटत नाही. रविवारी डबा उघडून बघतो.

पण एक नवीन त्रास. स्क्रोल होताना बारीक बारीक झटके बसतात. ६० वर लोण्यासारखं जात होतं. लॅपटॉप कमी पडतोय का? आय३ आहे जुना.

रास्टररेघ

लॅपटॉप नाही, आय३ ला हा गेम म्हणजे डुलकी काढत काढत करायचं काम. स्क्रीनचा प्रॉब्लेम आहे. गेम सेकंदाला ५० चित्रं देतोय आणि स्क्रीन ६० मागतेय, मग प्रत्येक पाचवं चित्र दोनदा दाखवावं लागतं, सेकंदाला दहा वेळा अडखळणार. मारिओ सरळ रेषेत पळतो तिथे हे लगेच डोळ्याला टोचतं.

तू टीव्हीला एचडीएमआयने जोडलंय म्हणालास ना, मग सोपं आहे. आपल्याकडचे बहुतेक टीव्ही ५० हर्ट्झ घेतात, सेट टॉप बॉक्सचा सिग्नल ५० चाच असतो. विंडोजमध्ये डिस्प्लेच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जा, वर टीव्ही निवड (लॅपटॉपची स्क्रीन नाही), रिफ्रेश रेट ५० कर. मग मेसेनमध्ये व्हीसिंक (चित्रं स्क्रीनच्या ठेक्याला बांधणं) चालू, आणि इंटिजर एफपीएसचा ऑप्शन पण लाव, कारण डेंडी अगदी ५० नाही, किंचित जास्त आहे, तेवढ्यानेही मधूनच एखादा झटका येतो. टीव्हीवर गेम मोड लाव आणि ते मोशन स्मूदिंग का काय ते बंद कर, नाहीतर उडी पुन्हा उशिरा पडेल आणि तू पुन्हा इथे येऊन विचारशील.

लॅपटॉपच्या स्वतःच्या स्क्रीनवरच खेळायचं असेल तर ५० मिळेलच असं नाही. फ्रीसिंक किंवा जीसिंकवाला (गेमच्या वेगाप्रमाणे रिफ्रेश बदलणारा) मॉनिटर असेल तर उत्तम, पण त्याची खालची मर्यादा बघा, पुष्कळांची ४८ आहे म्हणजे ५० जेमतेम आत बसतं. १०० हर्ट्झवर प्रत्येक चित्र दोनदा, तेही चालतं. १२० वर ५० नीट बसत नाही, पण झटके ६० पेक्षा कमी जाणवतात. मोबाइलवर खेळणाऱ्यांनी यात पडूच नये, तिथे ब्लूटूथ पॅडचा उशीर आधीच पुरेसा आहे.

चिकू_पनवेल

भारी धागा! कुणी ९९९९ इन १ ची रॉम लिंक देईल का प्लीज, डीएममध्ये चालेल

व्यवस्थापक

चिकू, रॉमच्या लिंक इथे नाहीत, डीएममध्येही मागू नका. इम्युलेटर बनवणं वेगळं आणि गेमची फाइल वाटणं वेगळं. अमेरिकेत सोनीने कनेक्टिक्सवर केलेल्या केसमध्ये २००० साली अपील कोर्टाने इम्युलेटरच्या बाजूने निकाल दिला होता, पण तो प्लेस्टेशनचा इम्युलेटर बनवण्याबद्दल होता, गेमच्या कॉप्यांबद्दल नाही. स्वतःची कॅसेट डंप करण्याबद्दल (तिच्यातला गेम फाइलमध्ये उतरवण्याबद्दल) प्रश्न असतील तर विचारा. कायदेशीर आणि नवीन काही हवं असेल तर मायक्रो मेजेस विकत घ्या, २०१९ चा गेम आहे पण खऱ्या एनईएसवर चालतो आणि मूळ मारिओएवढ्याच ४० केबीमध्ये बसवलाय.

सोल्डरमास्तर

त्या ९९९९ मध्ये काय होतं सांगू का चिकू, गेम असायचे मोजके, बाकी तेच पुन्हा. मारिओ, मग मारिओ चौथ्या लेव्हलपासून, मग मारिओ रात्रीचा, मग उंच उडीवाला. यादी मात्र कबुतर उडतंय आणि समुद्रकिनारा दिसतोय अशा चित्रावर. डंप करायला पण कटकट, कारण तिच्या आतली मेन्यूची सर्किट प्रत्येक कारखान्याची वेगळी, इम्युलेटरला ती माहीत असली तरच फाइल चालते. मेसेनला बऱ्याच माहीत आहेत.

बंदुकीचं कुणी बोललंच नाही की. लुइजीभाऊ, ती लॅपटॉपला लावायच्या भानगडीत पडू नकोस. प्लग जुळवता येईल पण उपयोग शून्य. बंदुकीतून काही सुटत नाही, उलट ती बघते. पुढच्या नळीत एक लेन्स आणि मागे प्रकाश ओळखणारा सेन्सर. चाप ओढला की गेम एक फ्रेम पूर्ण काळी करतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन, दोन बदकं असतील तर एकामागून एक. कुठल्या फ्रेमला उजेड दिसला त्यावरून कुठलं बदक ते कळतं. काळी फ्रेम पण तपासतात, म्हणून ट्यूबलाइटकडे रोखून मारलं तरी बदक पडायचं नाही, सगळ्यांनी करून बघितलंय ते.

पण हे सगळं जुन्या काचेच्या टीव्हीवर. तिथे किरण सेकंदाला साधारण १५,६०० रेघा ओढतो आणि सेन्सर नेमका त्या लपलपीलाच ओळखेल असा ट्यून केलेला. एलसीडीला ती लपलप नाही, आणि वर चित्र उशिरा येतं. त्यामुळे बंदुकीला अंधारच दिसणार. मेसेनमध्ये माउसने मार, नेम चुकत नाही पण मजाही नाही. सिंडेन म्हणून नवी बंदूक मिळते, तिच्यात कॅमेरा असतो आणि स्क्रीनभोवती पांढरी चौकट काढून ती नेम शोधते. महाग आहे. त्यापेक्षा एखादा २१ इंची काचेचा टीव्ही भंगारवाल्याकडून उचल आणि डबाच दुरुस्त कर, मी सांगतो कसा ते. पण पहिले अडॅप्टर लावू नकोस, डब्यावर छापलेली पोलॅरिटी आणि व्होल्ट बघ, या डब्यांत आत प्लस की बाहेर प्लस याचा काही नेम नव्हता.

सांगलीचा_लुइजी

५० हर्ट्झ केलं टीव्हीवर, झटके गेले!! मास्तर, डबा उघडला. काळी गोळी आहे 😞 पण लाइट लागते. बाजूला एक छोटी आयसी आहे ७८०५ लिहिलेली, ती प्रचंड तापते.

सोल्डरमास्तर

७८०५ तापतेच, ती व्होल्टेज पाचवर आणते, उरलेलं उष्णतेत जातं. तिच्या आउटपुटला मीटर लाव, पाचच्या आसपास आहे का सांग. पाच असेल आणि चित्र नसेल तर आधी कॅसेटचा स्लॉट आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पूस, फुंकर मारू नको, फुंकून फुंकून आपणच गंजवले ते. गोळी गेली असेल तर मग हात टेकले.

बंड्या_८५

एक विचारू का, सेगाचं पण असंच होतं का? माझ्या मामेभावाकडे मेगा ड्राइव्ह होता, त्यावरचा सोनिक आणि आता इम्युलेटरवरचा सोनिक यात मला फरक वाटतो. की मी आता सगळीकडेच फरक शोधायला लागलोय 😅

म्युनिकची_प्राजक्ता

नाही, तिथेही आहे. पहिला सोनिक युरोपियन पाल मशीनवर पळताना पण स्लो आणि गाणं पण स्लो, काहीच जुळवलेलं नव्हतं. दुसऱ्यात त्यांनी निदान गाण्याची लय ५० साठी नीट केली, पळणं मात्र तसंच राहिलं. मामेभावाला विचार, मशीन गल्फमधून आलेलं का सिंगापूरहून का इथेच घेतलेलं, आणि खाली स्टिकरवर पाल लिहिलंय का एनटीएससी. तेवढं कळलं की कुठलं रीजन लावायचं ते सांगते.